काळजी करणं आणि काळजी घेणं: एका सवयीचा इतिहास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत, तहसुद्धा नाहीत. आज एका सवयीचा इतिहास सांगणार आहे. ही सवय माझ्या घरात आहे, बहुतेक तुमच्याही घरात असेल. काळजी करत बसायची सवय.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. कुणी गावाला निघालं की आपण दारात उभं राहून दोन वाक्यं हमखास म्हणतो. एक, ‘काळजी करू नको.’ दुसरं, ‘काळजी घे.’ शब्द तोच, फक्त क्रियापद बदललं आणि अर्थ पार उलटा झाला. जी ‘करू नको’ म्हणतो ती काळजी म्हणजे डोक्यात चाललेलं दळण. जी ‘घे’ म्हणतो ती म्हणजे हातानं करायचं काम. औषध वेळेवर घे, गाडी हळू चालव, पोचल्यावर फोन कर. गेल्या दीडशे वर्षांत काळजीवर जे जे उपाय निघाले, ते मला या दोन क्रियापदांमधला प्रवास वाटतात. काही उपाय फसले, काही टिकले. जे टिकले त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. ती काय, ते आज बघू.

इंग्रजीतल्या ‘वरी’ या शब्दाची गंमत माहितीये? त्याचा जुना अर्थ गळा दाबणं. मग कुत्र्यानं मेंढीची मान तोंडात धरून तिला झिंजाडणं, यासाठी तो शब्द वापरात आला. मनाला लागलेला घोर हा अर्थ खूप नंतरचा. आपल्याकडे ‘चिंता’ आणि ‘चिंतन’ एकाच धातूपासून आलेत, म्हणजे मुळात विचार करणं. पण आपल्या म्हणींनी ओळखलं होतं की हा विचार कुठे जातो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती.’ शत्रूलाही सुचणार नाही इतकं वाईट आपलं स्वतःचं मन आपल्याबद्दल रचत बसतं.

आगगाडी, तार आणि वर्तमानपत्र

चला, अमेरिकेत जाऊ. साल १८६९. न्यूयॉर्कमधले डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी एका आजाराचं नाव लोकप्रिय केलं, ‘न्यूरस्थेनिया’. साध्या मराठीत सांगायचं तर मज्जातंतूंची ताकद संपणं. लक्षणं कोणती? थकवा, झोप न येणं, अपचन, डोकेदुखी, सतत कसली तरी धास्ती. त्यांच्या मते शरीरात मज्जाशक्तीचा साठा असतो, बॅटरीसारखा, आणि धकाधकीत तो संपतो.

पुढे १८८१ साली त्यांनी ‘अमेरिकन नर्व्हसनेस’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात या आजाराचं खापर त्यांनी पाच गोष्टींवर फोडलं: वाफेची शक्ती, नियतकालिकं, तारायंत्र, विज्ञान आणि बायकांचं डोकं चालवणं. पाचवं कारण ऐकून हसू येतं, रागही येतो. पण पहिली चार बघा. तारेमुळे जगभरच्या बातम्या ताबडतोब येतात, त्यामुळे माणसाला चैन पडत नाही, असं हे म्हणणं. तारेच्या जागी व्हॉट्सॲप घाला, कालचं भाषण वाटेल. प्रत्येक पिढीला वाटतं की काळजी आपल्याच काळानं आणली. तसं असतं तर तारेच्या आधीची माणसं निवांत असायला हवी होती. ती नव्हती. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बर्टन यांनी उदासीवरचा आपला प्रचंड ग्रंथ १६२१ साली छापला होता, आणि आपण तो स्वतःची उदासी टाळण्यासाठी, हात कामात राहावेत म्हणून लिहितोय, असं त्यांनी सांगूनही टाकलं होतं.

बॅटरी संपली असेल तर उपाय काय? आराम. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सिलास वेअर मिचेल यांनी ‘रेस्ट क्युअर’ काढला. रुग्ण, बहुतेक वेळा बाई, कित्येक आठवडे अंथरुणात. भरपूर खाणं, दूध, मालिश. वाचायचं नाही, लिहायचं नाही, भेटीगाठी नाहीत. १८८७ मध्ये शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेवर हा उपचार झाला. घरी जाताना त्यांना सांगितलं गेलं की घरसंसारात रमा आणि पेन, ब्रश, पेन्सिल जन्मभर हातात धरू नका. त्यांनी काही महिने ते पाळलं आणि वेड लागायच्या काठापर्यंत पोचल्या. मग सल्ला गुंडाळून ठेवला, पुन्हा कामाला लागल्या, आणि सावरल्या. त्या अनुभवातून आलेली ‘द यलो वॉलपेपर’ ही त्यांची कथा १८९२ साली छापली गेली, आणि आजही वाचली जाते.

इथे पहिला धडा. काळजी करणाऱ्याचे हात रिकामे केले की काळजीला सगळं घर मोकळं मिळतं.

टोकियोतला विद्यार्थी

आता जपान. शोमा मोरिता, जन्म १८७४. लहानपणापासून मृत्यूची भीती, धडधड, झोपेच्या तक्रारी. टोकियोला वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांनाही न्यूरस्थेनियाचं निदान मिळालं. बिअर्डचा शब्द तोवर तिथे पोचला होता. औषधं चालू होती, अभ्यास होत नव्हता, परीक्षा तोंडावर. त्यात घरून पैसे येईनात. मोरिता इतके चिडले की त्यांनी औषधं सोडली. मरायचं तर मरू, असं म्हणून ते अभ्यासाला बसले. परीक्षा चांगली गेली. आणि लक्षणं? ती कुठल्या कुठे गेली.

एखादा म्हणाला असता, बरं झालं. मोरितांनी विचारलं, हे झालं कसं? त्यांचं उत्तर असं: मी जोवर भीतीशी झगडत होतो तोवर माझं सगळं लक्ष भीतीवरच होतं. लक्ष दिलं की भीती वाढते, वाढली की आणखी लक्ष जातं. हे चक्र आहे. भीती घालवण्याची धडपड सोडली आणि समोरचं काम धरलं, तेव्हा चक्र थांबलं.

१९१९ च्या सुमारास त्यांनी यातून उपचारपद्धती उभी केली, आणि रुग्णांना चक्क स्वतःच्या घरी ठेवून घ्यायला लागले. पहिला टप्पा, सुमारे आठवडाभर नुसतं पडून राहणं. तुम्ही म्हणाल, हा तर मिचेलचाच उपाय. दिसायला हो, पण सांगणं उलटं. मिचेल म्हणत, शांत व्हा. मोरिता म्हणत, काळजी येतेय ना, येऊ द्या. तिला हाकलू नका, समजूत घालू नका. काही दिवसांत माणूस कंटाळतो, आणि काहीतरी करावंसं त्याला आतून वाटायला लागतं. मग दुसरा टप्पा, हलकं काम. तिसरा, अंगमेहनत. चौथा, आपल्या जगात परत. रोज डायरी लिहायची आणि त्यावर डॉक्टर शेरा लिहिणार. या सगळ्याच्या मुळाशी एक जपानी शब्द होता, ‘अरुगामामा’. म्हणजे आहे तसं. मन घाबरलंय? असू दे. अंगण झाडायचंय? झाड. घाबरलेल्या माणसालाही झाडू मारता येतो.

मला मोरितांचं हे फार मोलाचं वाटतं. कारण आपण काळजी करणाऱ्याला काय सांगतो? ‘आधी मन शांत कर, मग कामाला लाग.’ मोरितांनी क्रम फिरवला.

जहाजातले कप्पे

त्याच काळात अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना एका डॉक्टरचं नाव गाजत होतं. सर विल्यम ऑस्लर. कॅनडात जन्म, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या पहिल्या चार नामवंत प्राध्यापकांपैकी एक, मग ऑक्सफर्डला. २० एप्रिल १९१३ ला त्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपुढे भाषण केलं. सांगितलं की १८७१ मध्ये मीही तुमच्यासारखाच विद्यार्थी होतो, परीक्षेत काय होईल, पुढे कुठे जाऊ, पोट कसं भरू या विवंचनेत. तेव्हा थॉमस कार्लाइल यांचं एक वाक्य वाचनात आलं. त्याचा मतलब असा की लांबचं धूसर बघत बसण्यापेक्षा हाताशी असलेलं स्पष्ट काम करावं. तेव्हापासून मी एकेका दिवसापुरता जगायला शिकलो.

उपमा त्यांनी जहाजाची दिली. मोठ्या जहाजाच्या पोटात लोखंडी कप्पे असतात. कप्तानानं कळ दाबली की दारं बंद होतात आणि एका कप्प्यातलं पाणी दुसऱ्यात जात नाही. तसं कालचं दार बंद करा, उद्याचं दार बंद करा, आजच्या कप्प्यात राहा. पुढे १९४८ साली डेल कार्नेगी यांनी काळजीवरच्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच ऑस्लरच्या या गोष्टीनं केली आणि ती जगभर पसरली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हे भाषण एप्रिल १९१३ चं. बरोबर वर्षभर आधी, एप्रिल १९१२ मध्ये, टायटॅनिक बुडाली होती. तिलाही कप्पे होते. पाणी एका कप्प्याच्या भिंतीवरून पुढच्यात सांडत गेलं. म्हणजे कप्प्यांना मर्यादा आहे. आणि ही मर्यादा ऑस्लरच्या वाट्यालाही आली. त्यांचा एकुलता एक हयात मुलगा रिव्हिअर पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता. ऑगस्ट १९१७ मध्ये तो बेल्जियममध्ये ईपरजवळ जखमी होऊन वारला. वय २१. ऑस्लर काम करत राहिले, पण त्या घावातून पुरते सावरले नाहीत. डिसेंबर १९१९ मध्ये तेही गेले.

मग ऑस्लरची शिकवण खोटी ठरली का? मला नाही वाटत. ती दुःखावरची नव्हतीच. दुःख घडलेल्या गोष्टीचं असतं, ते भोगावंच लागतं. काळजी न घडलेल्या गोष्टीची असते. मुलगा आघाडीवर असताना बापानं रोज रात्री जागून काढली असती तर तोफगोळा चुकला नसता. इतकंच झालं असतं की बापानं तो मुलगा अनेकदा गमावला असता. एकदाच गमावणं पुरेसं असतं.

गोळी आणि माकड

दुसऱ्या महायुद्धानंतर काळजीवर गोळी आली. १९५५ मध्ये अमेरिकेत ‘मिलटाउन’, १९६० मध्ये ‘लिब्रियम’, १९६३ मध्ये ‘व्हॅलियम’. खप अफाट. पुढे कळलं की अशा गोळ्या बराच काळ घेतल्या तर त्यांचीच सवय लागते आणि त्या एकदम सोडणं धोक्याचं असतं. औषधांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य औषधानं कितीतरी लोकांना आयुष्य परत मिळालंय. मुद्दा असा की गोळीनं धडधड थांबते, पण ‘काय झालं असेल?’ हा प्रश्न विचारायची सवय तशीच राहू शकते.

मग सवय मोडायची कशी? ‘विचारच करू नकोस’ म्हणून? आपल्याकडे यावर जुनी गोष्ट आहे. वैद्यबुवा औषध देतात आणि बजावतात, फक्त औषध घेताना माकड आठवायचं नाही. जन्मात कधी माकड आठवलं नसेल, पण आता पुडी उघडली की माकड हजर! १९८७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग छापला. फक्त माकडाऐवजी पांढरं अस्वल. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. आणि ज्यांनी आधी विचार दाबला होता, त्यांना नंतर विचार करायची परवानगी मिळाल्यावर अस्वल जास्तच आठवलं.

म्हणजे हाकलणं बाद. आता १९८३ मधलं एक साधं संशोधन सांगतो. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले थॉमस बोर्कोव्हेक आधी निद्रानाशावर काम करायचे. निद्रानाशात एक उपाय वापरतात: झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठा. नाहीतर अंथरूण म्हणजे तळमळ असं नातं मनात पक्कं होतं. बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी तोच न्याय काळजीला लावला. काळजी आपण कुठे करतो? सगळीकडे. अंघोळ करताना, लोकलमध्ये, जेवताना, उशीवर. म्हणून सगळ्याच जागा काळजीची आठवण करून देतात.

त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. एक, काळजी सुरू झाली की ओळखा. दोन, रोज अर्धा तास ठरवा, तीच वेळ, तीच जागा. तीन, एरवी काळजी आली की तिला त्या अर्ध्या तासावर ढकला आणि समोरच्या कामाकडे वळा. चार, त्या अर्ध्या तासात मात्र मनसोक्त काळजी करा, आणि मार्ग निघत असेल तर काढा. ज्या विद्यार्थ्यांनी हे महिनाभर केलं त्यांचं दिवसभरातलं काळजी करणं इतरांपेक्षा जास्त कमी झालं. लक्षात आलं? ‘करू नको’ असं ते म्हणालेच नाहीत. ‘आत्ता नको, साडेसहाला’ म्हणाले.

सवय इतकी चिवट का?

आता माझ्याकडे येतो. वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला, त्यानंतर रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. मग फोन वाजायची गरजही उरली नाही. दोन वाजता जाग यायची आणि दळण सुरू. बाबा गोळी विसरले असतील तर? आई एकटी काय करेल? मला पोचायला चार तास लागतात. सकाळी आईचा फोन यायचा, सगळं ठीक. आणि मनाच्या कोपऱ्यात हिशेब मांडला जायचा: मी जागा होतो, म्हणून ठीक आहे.

सवयीचं गुपित इथे आहे, आणि बोर्कोव्हेक यांनीच ते नीट मांडलं. आपण घाबरतो त्यातलं बहुतेक काही घडत नाही. पण काळजी आधी झालेली असते, म्हणून मन श्रेय काळजीला देतं. नवसासारखंच. २०२० मध्ये त्याच विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी काळजीचा आजार असलेल्या २९ जणांकडून त्यांच्या काळज्या लिहून घेतल्या आणि पुढे त्यांचं काय झालं ते तपासलं. सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. या नोंदी ठेवणाऱ्यांची काळजीही कमी झाली. डोक्यात काळजी धुक्यासारखी असते. कागदावर ती एका ओळीची होते, आणि त्या ओळीपुढे तारीख टाकता येते.

मी वही केली. संध्याकाळी साडेसहा, स्वयंपाकघरातलं टेबल. दोन रकाने. डावीकडे ‘करतोय’, उजवीकडे ‘घेता येईल’. ‘बाबा गोळी विसरतील’ हे डावीकडे. उजवीकडे: आठवड्याच्या खणांची गोळ्यांची डबी, शेजारच्या काकांकडे घराची किल्ली, ॲम्ब्युलन्ससाठी १०८ नंबर फ्रीजवर मोठ्या अक्षरात. आणि ‘बाबा एक दिवस जातील’ याच्या उजवीकडे? बरेच दिवस तो रकाना कोरा होता. मग तिथे लिहिलं: रविवारी जेवायला जाणं. डावीकडची ओळ त्यानं पुसली गेली नाही. ती खरीच आहे, कधीतरी खरी होणार आहे. पण आता त्या ओळीला शेजारी मिळालाय.

हे दोन रकाने माझी हुशारी नाही बरं का. सुमारे १९०० वर्षांपूर्वी एपिक्टेटस नावाचा, एकेकाळी गुलाम असलेला तत्त्वज्ञ हेच शिकवायचा: आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं करा. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी या विचाराचा आधार घेऊन विवेकनिष्ठ मानसोपचार उभा केला. तो महाराष्ट्रात रुजवला किशोर फडके यांनी. डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. ‘असं झालं तर बरं’ याचं आपण ‘असं झालंच पाहिजे’ करतो आणि मग धास्तावतो, हे एलिस यांचं निदान मराठी घरांत अगदी चपखल बसतं.

एक महत्त्वाचं सांगतो. काळजी महिनोन् महिने सुटत नसेल, झोप, जेवण, काम यांवर परिणाम होत असेल, तर नुसत्या वहीवर विसंबू नका. १९८० सालापासून डॉक्टरांच्या अधिकृत यादीत हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे, आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

तर मंडळी, सुरुवातीला म्हटलं होतं की टिकलेल्या उपायांत एक गोष्ट सारखी आहे. मोरितांनी काळजीला अंगणात बसू दिलं आणि माणसाच्या हातात झाडू दिला. ऑस्लरनं तिला कप्पा दिला. बोर्कोव्हेकनं अर्धा तास दिला. कुणीच तिला घराबाहेर काढलं नाही. तिला जागा नेमून दिली, आणि उरलेलं घर माणसाला परत दिलं.

तुमच्या घरात कोण जास्त काळजी करतं? त्यांना हा भाग ऐकवा, पण ‘काळजी करू नका’ असं म्हणून नको. ‘काय घेता येईल, बघू या का?’ असं विचारा. पुढच्या भागात भेटू. तोवर, काळजी घ्या.